हिरव्या पानांचा साधा भात: डिचोलीच्या स्वयंपाकघरातल्या नोंदी

२७ जून २०२५, शुक्रवार

काय करायचं ते आधी नक्की करते. पुलाव नको, मसालेभात नको. ताटातला मुख्य पदार्थ दुसराच असेल. त्याच्या बाजूला वाढायला पांढरा, मोकळा, मधूनमधून ताजी हिरवी पानं असलेला भात हवा. तोंडात घातल्यावर आधी पानांचा वास यावा, मग तांदळाची चव लागावी. पोर्तुगालमध्ये कोथिंबीर घालून असा भात करतात आणि मासे-मांसाबरोबर बाजूला वाढतात. आपल्याकडे गोव्यात ख्रिस्ती घरांत अरोस नावाचा भात होतो, पण त्यात कांदा, लवंग-दालचिनी आणि स्टॉक यांचं राज्य असतं. मला हवा तो भात त्याहून हलका.

माझ्या जावेला आणि साखळी गावच्या मावसबहिणीला हाच भात करायचा आहे. दोघींचाही पाला काळा पडतो आणि भात गिच्च होतो. माझंही तेच होत आलं आहे. म्हणून जे करेन ते इथे लिहून ठेवते. वाटी म्हणजे माझी २०० मिलीची वाटी, सगळीकडे तीच.

आज म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सामान आणलं. बासमती एक किलो १४० रुपये, सुरय (आखूड दाण्याचा, उकडा नसलेला तांदूळ) दोन किलो १२०, कोथिंबीर दोन जुड्या ५०, पुदिना १५, लिंबं ३०. इथली बहुतेक भाजी बेळगावहून घाट उतरून येते. घाटात पाऊस जोरात असला की जुडी लहान होते आणि भाव मोठा. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर स्वस्त मिळते, पण तिथे सकाळी लवकर गेलं तरच.

मासेमारी बंदी ३१ जुलैपर्यंत आहे, त्यामुळे सोबतीला ताजा मासा धरून चालणार नाही. महिनाभर सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे कोरडं तोंडीलावणं, आणि डाळ यांच्याबरोबरच चव बघायची.

२९ जून, रविवार

सुरुवात कुकरपासून. घरोघरी भात कुकरमध्येच होतो. तिथे जमला तर पुढचं काही करायलाच नको.

एक वाटी बासमती अर्धा तास भिजवलेला, दीड वाटी पाणी, चमचाभर तूप, मीठ, अर्ध्या लिंबाचा रस आणि एक जुडी चिरलेली कोथिंबीर. सगळं एकदम घालून दोन शिट्ट्या.

दाणा चांगला मोकळा झाला, पण कोथिंबीर शेवाळी-तपकिरी झाली. पहिल्या शिट्टीला आख्ख्या घरात कोथिंबिरीचा घमघमाट सुटला होता, तेव्हाच कळायला हवं होतं: जो वास घरात पसरला तो भातातून गेला. ताटात आली ती उकडलेल्या पाल्याची चव. लिंबाचा आंबटपणा मात्र राहिला, तोही जरा कडवट.

एक जुडी वाया. भात दुपारी फोडणी देऊन संपवला.

२ जुलै, बुधवार

कोथिंबीर आणि पुदिना मिक्सरमध्ये वाटून तो वाटप तुपात परतला, मग तांदूळ, मग पाणी. या वाटेवर मी पुन्हा जाणार नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. दाणा न् दाणा हिरवा झाला, पण चिकट. पुदिना वाटला की कडसर होतो आणि परतल्यावर तो कडवटपणा जात नाही. शिवाय हा भात बाजूला बसत नाही, सगळं ताट बळकावतो. मुलीला आवडला. तिला हिरवा पुलाव म्हणून वेगळा करून देईन.

६ जुलै, रविवार

आज आषाढी एकादशी. घरात भात नाही. म्हणून तांदूळ बाजूला ठेवून नुसत्या पानांवर काम केलं, आणि आत्तापर्यंतचा सगळ्यात उपयोगी दिवस हाच ठरला.

दोन लहान टोपांत पाणी उकळत ठेवलं. एकात साधं पाणी, दुसऱ्यात लिंबाचा रस पिळलेलं. दोन्हींत कोथिंबिरीची सारखीच पानं टाकली. साध्या पाण्यातली पानं आधी अधिकच हिरवीगार झाली आणि बराच वेळ तशी टिकली. लिंबाच्या पाण्यातली पानं बघता बघता खाकी झाली. पानांच्या हिरव्या रंगातला मॅग्नेशियमचा कण आंबट आणि उष्णता एकत्र आली की निघून जातो आणि मागे तो मळकट रंग उरतो. म्हणजे कुकरच्या भातात उष्णता तर होतीच, वर मी लिंबूही घातलं होतं. लिंबू आता टोपात पडणार नाही, ज्याने त्याने ताटात पिळावं.

लिंबाचा वास मात्र भातात हवाच आहे. त्यासाठी परसातल्या लिंबाच्या झाडाची दोन कोवळी पानं चुरगळून साध्या उकळत्या पाण्यात टाकून बघितली. पाण्याला छान वास लागला, आंबटपणा अजिबात नाही. हे ठेवायचं.

मग कोथिंबिरीचे देठ आणि पानं वेगळी चावून बघितली, कच्ची आणि पाच मिनिटं उकळलेली. कच्ची असताना पानांचा वास जास्त. उकळल्यावर पानं पांचट झाली, देठांत मात्र चव पुष्कळ शिल्लक होती. मुळांत त्याहून जास्त. आपल्याकडे जुडी बहुधा मुळांसकट येते आणि आपण मुळं उडवून देतो. इथून पुढे मुळं खरवडून, स्वच्छ धुऊन ठेवायची.

आणखी एक गोष्ट धुण्याची. पावसाळ्यातल्या जुडीत चिखल असतो आणि नळाखाली धरून तो निघत नाही, पानांच्या बगलेत बसतो. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन जुडी बुडवायची, हलवायची आणि पाच मिनिटं तशीच ठेवायची. मग जुडी वरून उचलून घ्यायची. पाणी पातेल्यासकट ओतून काढलं तर तळाचा चिखल पुन्हा पानांवर बसतो. तळाला माती दिसेनाशी होईपर्यंत असंच करायचं.

आणि वाळवणं. जुलैत डिचोलीत काहीही आपोआप वाळत नाही. पंख्याखाली तासभर ठेवलेली पानं हाताला ओलीच लागत होती. शेवटी जुन्या सुती पंच्यात सैल गाठोडं बांधून अंगणात गरगरा फिरवलं. पाणी कापडात उतरलं, पानं कोरडी झाली. वेळ, मिनिटभर.

९ जुलै, बुधवार

एकादशीचं शिकलेलं भातावर लावलं. मुळं आणि देठ अगदी बारीक चिरले. चमचाभर तुपात दोन ठेचलेल्या लसूणपाकळ्या, त्यावर देठ, मंद आचेवर अर्धा मिनिट. लसूण लाल होऊ द्यायचा नाही, नाहीतर तोच बोलतो. मग भिजवून निथळलेला बासमती, दीड वाटी गरम पाणी, मीठ, लिंबाची पानं. झाकण ठेवून मंद आच. गॅस बंद केल्यावर चिरलेली पानं वरून घातली आणि पुन्हा झाकण.

चव पहिल्यांदाच हवी तशी लागली. तळाशी देठांची खोल चव, वर पानांचा ताजा वास. पण दोन अडचणी राहिल्या. एक, भात तळाला गिच्च आणि वर कणी राहिलेला. दोन, पानं घालून झाकण ठेवलं तेव्हा पाचच मिनिटांत ती मऊ पडून काळपट झाली. आच बंद असली तरी टोप गरमच असतो. झाकणाखाली पानं शिजतातच.

माझ्या टोपाचं बूड पातळ आहे, हे पहिल्या अडचणीचं कारण. जाड बुडाचा टोप असेल त्यांचा भात एवढ्यात बिघडणार नाही. मला मात्र दुसरा उपाय शोधावा लागणार.

१३ जुलै, रविवार

आज शेजारच्या आंटी ओट्याजवळ उभ्या होत्या. माझा सगळा खटाटोप ऐकून घेतला आणि दोन गोष्टी म्हणाल्या. पहिली, "पालो मागीर घाल गो, वाफ वचूं दी." आधी वाफ जाऊ दे, मग पाला. दुसरी, या कामाला बासमती कशाला, सुरय घे आणि वेळून, म्हणजे भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी काढून, भात कर.

वेळलेला भात माझी आजी करायची. कुकर आले आणि आमच्या घरातून ती पद्धत गेली. मोठ्या टोपात भरपूर पाणी उकळायचं, एक वाटी तांदळाला निदान सहा वाट्या. त्यात मीठ, लिंबाची पानं आणि कोथिंबिरीची मुळं आख्खी. तीन पाण्यांनी धुतलेला, वीस मिनिटं भिजवलेला सुरय त्यात सोडायचा. झाकण नाही. एकदाच तळापासून ढवळायचं, मग हात लावायचा नाही. आठव्या मिनिटापासून दर मिनिटाला एक दाणा काढून बोटांत चेपून बघितला. बाहेरून मऊ, आत टाचणीच्या टोकाएवढी पांढरी कणी दिसली की लगेच वेळायचा. माझा बाराव्या मिनिटाला झाला. तांदूळ जुना असेल तर वेळ वाढेल, म्हणून घड्याळापेक्षा दाण्यावर विश्वास ठेवा.

रोवळीत ओतला, पेज निथळू दिली. मुळं आणि लिंबाची पानं काढून टाकली. त्याच टोपात तुपावर लसूण आणि देठ अर्धा मिनिट परतून निथळलेला भात वर घातला. टोपाखाली तवा, झाकणाला कोरडा पंचा गुंडाळलेला, अगदी मंद आचेवर आठ मिनिटं. पंच्याचं काम महत्त्वाचं आहे. झाकणावर जमलेलं पाणी परत भातावर टपटपत नाही, कापडात मुरतं.

गॅस बंद. झाकण काढून भात काट्याने हलकेच सोडवला आणि तसाच उघडा ठेवला. वाफेचा लोट थांबला, भातावर तळहात धरवेल एवढा झाला, तेव्हा पानं घालून दोनदा वरखाली केला. माझ्या पंख्याच्या स्वयंपाकघरात याला पाच-सहा मिनिटं लागली.

पानं हिरवीच राहिली. अर्ध्या तासानंतरही हिरवी होती. दाणा मोकळा, आखूड आणि मऊ. बासमतीसारखा लांब नाही, पण पानं या दाण्याला धरून राहतात. बासमतीत ती घसरून तळाशी जमायची. किसमुरीबरोबर वाढला. सुक्या सुंगटांचा खारट-तिखटपणा आणि हा भात एकमेकांना फार चांगले लागतात. सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतला, आणि भाताबद्दल त्या सहसा काही बोलत नाहीत.

पेज टाकली नाही. तिला कोथिंबिरीच्या मुळांचा वास लागला होता. रात्री मीठ आणि चमचाभर तूप घालून प्यायलो.

१६ जुलै, बुधवार

चिरण्याबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण आज भात तोच, पद्धत तीच, तरी पानं काळपट आली. फरक एवढाच की आज घाईत बोथट सुरी वापरली आणि चिरलेल्या ढिगावर पुन्हा पुन्हा सुरी चालवली. बोर्डावर हिरवं पाणी उतरलं होतं. पान चिरण्याऐवजी चेचलं जातं, त्याचा रस बोर्डाला जातो आणि चेचलेली कड लगेच काळी पडते.

संध्याकाळी आदोळीवर (विळीवर) चिरून बघितली. कोरडी पानं मुठीत घट्ट धरून पात्यावर एकदाच पुढे ढकलायची, परत फिरवायची नाहीत. थोडी जाडसर राहतात. राहू द्यावीत. बोर्ड कोरडा राहिला की काम बरोबर झालं. सुरी वापरायची असेल तर आधी धार लावून घ्या. आणि पानं भात वेळल्यावरच चिरा, सकाळपासून चिरून ठेवू नका.

पुदिना तर याहूनही नाजूक. तो चिरतच नाही, हातानं तोडून घालते, तेही कोथिंबिरीच्या पाव हिश्श्याएवढाच.

१८ जुलै, शुक्रवार

पणजीला काम होतं. सुपरमार्केटातून पार्सलीचं छोटं पाकीट घेतलं, ९० रुपये, आणि सुक्या मिश्र हर्ब्सची बाटली, १२०. घरी येईपर्यंत पार्सली कोमेजली होती. थंड पाण्यात देठ बुडवून ठेवल्यावर रात्री थोडी सावरली.

२० जुलै, रविवार

रविवारी तीन छोटे टोप लावले, प्रत्येकी अर्धी वाटी सुरय.

पहिल्यात पार्सली. देखणी दिसते, रंग कोथिंबिरीपेक्षा चांगला टिकतो, चवीला सौम्य. पण ९० रुपयांत मुठीएवढी पानं, म्हणजे पाहुण्यांचा विचारच नको. हाताशी असेल तर घाला, त्यासाठी पणजीला जाऊ नका.

दुसऱ्यात सुक्या हर्ब्स. शेवटी वरून घातल्या तर दातांत भुशासारख्या येतात. सुक्या पानांचं गणित ताज्या पानांच्या नेमकं उलटं आहे: त्यांना सुरुवातीला तुपात किंवा बटरात मंद आचेवर मिनिटभर फुलवावं लागतं, तेव्हा कुठे वास सुटतो. तसं केल्यावर भात बरा झाला, पण चव पिझ्झाची आली. घरात सगळ्यांनी तेच नाव घेतलं. बाटली उरली आहे, जावेला देते.

तिसऱ्यात कुंडीतला ओवा. हा बियांच्या ओव्याचा पाला नव्हे. जाड, लवदार पानांचं झाड, मुलांना खोकल्यावर आपण ज्याचा रस देतो ते. सुक्या हर्ब्सच्या बाटलीतल्या ओरेगॅनोला जो उग्र वास असतो, तो देणारं कार्व्हाक्रोल नावाचं द्रव्य याही पानात भरपूर असतं. म्हणजे १२० रुपयांच्या बाटलीतली चीज दारातल्या कुंडीत फुकट होती.

हे पान मात्र वरून कच्चं घालता येत नाही. त्याची लव जिभेला टोचते आणि ते रसरशीत असल्यामुळे भात ओला होतो. एक मोठं पान अगदी बारीक चिरून, तूप तापल्यावर लसणीच्या जागी घातलं, वीस सेकंद परतलं. एक वाटी तांदळाला एक पान. अर्ध्या वाटीला मी दोन घातली होती, तेव्हा कोथिंबीर कुठे गेली ते कळलं नाही. प्रमाण बरोबर असेल तर भातात एक हलका झणका येतो आणि मिरची घालावी लागत नाही. सासूबाईंना तिखट चालत नाही, त्यांच्यासाठी हाच भात.

कडीपत्ता मुद्दाम घेतला नाही. तो घातला की जीभ सांबार-ताकाची वाट बघायला लागते. तिरफळ तर बांगड्याच्या हुमणासाठीच (माशाच्या आमटीसाठीच) ठेवावं, भातात ते जीभ बधिर करतं.

२४ जुलै, गुरुवार

उकड्या तांदळावर करून बघितला. घरात ज्योती जातीचा लाल उकडा असतोच, आणि गोव्यात रोजचं शीत (भात) म्हणजे उकडं. पाऊण तास शिजला. दाणा छान, पण उकड्याला स्वतःचा एवढा दाट वास आहे की कोथिंबीर वरवर राहते, आत शिरत नाही. उकडं हुमणाबरोबर खावं. पानांच्या भाताला ते योग्य नाही. वेळ गेला एक तास, गॅसही बराच.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. पातोळ्यांसाठी (हळदीच्या पानात वाफवलेल्या गोड पदार्थासाठी) परसातली हळदीची पानं काढली. जूनमध्ये ती वीतभर होती, आता हातभर झाली आहेत. पातोळ्या करून दोन पानं उरली आणि ती भाताच्या आधणात गेली.

पान धुऊन मधली जाड शीर लाटण्यानं किंचित ठेचायची, पानाची सैल गाठ मारायची आणि पाणी उकळायला ठेवतानाच सोडायची. फाडून टाकलं तर तंतू भातात येतात, गाठ असली की वेळताना उचलून काढता येते. पाण्याला पाच मिनिटांत वास सुटला. त्यातच तांदूळ शिजवला.

हा वास उग्र नाही. भात तोंडात घेतल्यावर थोडा उशिरा येतो, कोथिंबिरीच्या मागून. लिंबाच्या पानांबरोबर मात्र घालू नये, दोन्ही वास एकमेकांना मारतात. आज लसूणही नव्हता. श्रावणात आमच्याकडे शिवराक (लसूणही नसलेलं शाकाहारी जेवण) असतं आणि लसणीच्या जागी काय घालावं याची मला काळजी होती. हळदीच्या पानानं ती जागा भरून काढली. आत्तापर्यंतचा मला सगळ्यात आवडलेला भात हाच, आणि यात विकत आणलेलं फक्त तांदूळ, तूप, मीठ आणि कोथिंबीर.

३ ऑगस्ट, रविवार

आज तुपाऐवजी खोबरेल घालून बघितलं. मुगागाठीबरोबर (मोड आलेल्या मुगांच्या रश्श्याबरोबर) खायचा होता, वाटलं जुळेल. पण मुगागाठीत नारळ असतोच, भातातही नारळ आला आणि सगळं ताट एकाच चवीचं झालं. तूपच बरं. बटर चालेल, पण ते खारं असेल तर मीठ बेतानं.

जाव आणि मावसबहीण दोघींनी फोन केला होता, म्हणून सध्याचं प्रमाण इथे देते. चौघांसाठी, बाजूला वाढायला: सुरय दीड वाटी, पाणी नऊ-दहा वाट्या, मीठ पाण्यात सपाट दोन चमचे (बरंचसं पेजेबरोबर जातं), हळदीचं एक मोठं पान किंवा लिंबाची तीन पानं, तूप दीड चमचा, कोथिंबिरीची एक भरलेली जुडी. मुळं पाण्यात, देठ तुपात, पानं शेवटी. चिरलेली पानं दाबून पाऊण वाटी व्हायला हवीत. पुदिना हवा असेल तर दहा-बारा पानं. लिंबू ताटात. भिजवण्यासकट एक तास लागतो, त्यातला हातचा वेळ वीस मिनिटं. सुरय मिळत नसेल तर कोलम घ्या, फक्त दाणा दोन मिनिटं आधीपासून चेपून बघायला लागा. आंबेमोहर घेऊ नका, तो मुळातच चिकट आणि त्याला स्वतःचा सुवास आहे.

१० ऑगस्ट, रविवार

साखळीची मंडळी जेवायला होती, पंधरा पानं. तांदूळ सव्वा किलो, कोथिंबीर चार जुड्या १६०, हळदीची पानं घरची.

जे चौघांसाठी जमतं ते पंधरांसाठी जसंच्या तसं जमत नाही. पहिला घाणा एकाच मोठ्या टोपात केला. भात वेळून होईपर्यंत ठीक होतं. एवढा भात रोवळीत एकावर एक बसला की मधला निथळत नाही, आणि तो आपल्याच उष्णतेनं शिजत राहतो. वरचा मोकळा, मधला बोटानं चेपला तर गोळा. हे लक्षात येताच अर्धा भात परातीत पसरला, पंख्याखाली दोन मिनिटं, आणि तो वाचला. उरलेला अर्धा खालून चिकटच राहिला, तो बाजूला काढला.

दुसरा घाणा दोन टोपांत विभागून केला आणि तुपातली वाफ दिल्यावर सगळा भात दोन परातींत उपसला. पानं टोपात नव्हे, परातीत मिसळली. मोठ्या टोपातल्या भाताला वाफ जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि तोवर वरचा भात थंडगार होतो. परातीत तीन-चार मिनिटांत सगळा भात सारखा निवतो. पानं वाढायच्या अगदी आधी घातली. माणसं पाटावर बसली, मग आदोळी घेतली.

मुगागाठी, भेंडीची भाजी, खतखतें (मिश्र भाज्यांचा पदार्थ), लोणचं आणि हा भात. मावसबहिणीनं जेवण अर्ध्यावर ठेवून स्वयंपाकघरात येऊन टोपातलं हळदीचं पान बघितलं. तिच्या परसात हळद आहे, कोथिंबीर तिला साखळीत मिळतेच.

एका घाण्याचा अर्धा भाग आणि चाळीस मिनिटं गेली. चिकट झालेला भात आंबोळ्यांच्या पिठात वाटून घातला.

११ ऑगस्ट, सोमवार

काल उरलेल्या भाताबद्दल. हा भात सकाळचा संध्याकाळी खायचा म्हणून ओट्यावर ठेवू नये, पावसाळी दमटपणात तर नाहीच. तांदळात असे काही जिवाणू असतात की त्यांचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि कोमट भातात ते वाढतात. त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. उरेल असं दिसलं की जेवणं होताच परातीत पसरून निववायचा आणि तासाभराच्या आत डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायचा.

फ्रिजमध्ये पानं काळवंडतात, वासही अर्धा राहतो. त्यामुळे उरणार याचा अंदाज असेल तर पानं न घालताच तेवढा भात बाजूला काढून ठेवा. आज तसाच काढलेला भात वाफेवर गरम केला, ताजी कोथिंबीर घातली, आणि तो कालच्या भाताच्या तोडीस तोड निघाला. पानं घातलेला जो उरला होता त्याचा दहीभात केला, मोहरी आणि हिरव्या मिरचीची फोडणी देऊन. त्यात काळपट पानं खटकत नाहीत.

आता राहिलं कोरगूट. खाजण शेतातल्या खाऱ्या जमिनीत होणारा तो तांदूळ या पद्धतीनं वेळून बघायचा आहे. माझ्याकडे आहे तो जुना आहे आणि उकडा आहे, म्हणजे २४ जुलैसारखंच होणार. सरदीचं (पावसाळी) पीक निघालं की म्हापशाच्या बाजारात कुणाकडे बिनउकडा मिळतो का ते विचारीन, आणि मिळाला तर एकच किलो घेईन.